करवीरकरांचें मत

‘मत’ हा शब्द मराठींत दोन कामें करतो. एखाद्या प्रश्नाचा विचार करून मनुष्य मनाशीं जो निर्णय ठरवितो त्याला आपण मत म्हणतों, आणि निवडणुकीच्या दिवशीं तो जें पेटींत टाकतो त्यालाही मतच म्हणतों. इंग्रजींत ह्या दोन गोष्टींस दोन निराळे शब्द आहेत. म्हणून इंग्रजी ग्रंथांवरून राज्यशास्त्र शिकलेल्या आमच्यासारख्यांच्या ध्यानांत मराठी शब्दांतील ही खोंच पुष्कळ दिवस आली नव्हती. पहिल्या अर्थाचें मत दुसऱ्या अर्थाच्या मतांत उतरावें, ही लोकशाहीची मूळ अपेक्षा होय. ती कोठें पुरी होते, कोठें होत नाहीं आणि कां होत नाहीं, हें एखाद्या मध्यम शहराच्या इतिहासावरून पाहावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं कोल्हापूर निवडण्याचें कारण असें कीं, संस्थानी अंमल, जातवार प्रतिनिधित्व, प्रजेची चळवळ, सार्वत्रिक मताधिकार आणि सहकारी संस्थांच्या निवडणुका हे सारे प्रयोग ह्या एकाच भूमीवर झाले, आणि प्रत्येकाचा ठसा येथील मतदारावर राहिला आहे.

स्थानिक स्वराज्य ही लोकशाहीची प्राथमिक शाळा होय, हा सिद्धांत आम्ही कॉलेजांत शिकलों आणि पुढें पंचवीस-तीस वर्षें शिकवीत आलों. फ्रेंच पंडित द टोकव्हिल यानें अमेरिकेंतील गांवसभा पाहून १८३५ सालीं तो मांडला. लॉर्ड रिपन यांनीं १८ मे १८८२ च्या आपल्या प्रसिद्ध ठरावांत हिंदुस्थानापुरता त्याचाच आश्रय केला. स्थानिक मंडळांमुळें कारभार लगेच सुधारेल, असा रिपनसाहेबांचा दावा नव्हता. लोकांस राजकीय शिक्षण मिळेल, यावर त्यांचा भर होता. ह्या सिद्धांतांत शिक्षणाचा क्रम ठरलेला आहे : नागरिकानें प्रथम आपल्या गल्लींतील दिवाबत्तीविषयीं मत बनवावें, मग जिल्ह्याविषयीं आणि शेवटीं देशाविषयीं. कोल्हापूरचा इतिहास पाहूं जातां हा क्रम उलटा झालेला आढळतो. येथील मतदार दूरच्या निवडणुकींत पुष्कळदां स्वतंत्र बुद्धीनें मत देतो, आणि घराशेजारच्या निवडणुकींत तोच मनुष्य ओळख, उपकार आणि दिलेला शब्द यांस जागतो. हें कोडें उलगडावयाचें तर थोडें मागें गेलें पाहिजे.

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालीं, म्हणजे रिपनच्या ठरावापूर्वीं अठ्ठावीस वर्षें, स्थापन झाली. १८४४ सालीं सामानगड, भुदरगड वगैरे किल्ल्यांवर गडकऱ्यांनीं बंड केलें होतें. तें मोडल्यावर संस्थानचा कारभार इंग्रजांच्या हातीं गेला, आणि त्या अमदानींत ही संस्था जन्मास आली. रस्ते, सफाई, दिवे ह्या गोष्टी शहरास हव्याच होत्या. परंतु संस्था वरून आली, रयतेनें मागितली म्हणून आली नाहीं. जें मागितलेलें नसतें तें आपलें वाटण्यास फार काळ लागतो. नगरपालिका म्हणजे सरकारच्या घरचा एक कोपरा, ही समजूत येथें पिढ्यान् पिढ्या टिकली त्याचें मूळ येथें आहे.

शाहू छत्रपति १८९४ सालीं अधिकारावर आले तेव्हां दरबारच्या सर्वसाधारण कारभारांतील ७१ जागांपैकीं ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. हा आंकडा पुढें अनेकदां उद्धृत झाला आहे, आणि त्याचें महत्त्वही तेवढेंच आहे. महाराजांनीं २६ जुलै १९०२ च्या हुकुमान्वयें मोकळ्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेविल्या, आणि १९१७ सालीं मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. नोकरी आणि शाळा यांनंतर ओघानेंच प्रश्न आला तो प्रतिनिधित्वाचा. माँटेग्यूसाहेबांच्या सुधारणांची चर्चा त्या वेळीं चालू होती. नोव्हेंबर १९१७ मध्यें अथणी येथील भाषणांत लोकमान्य टिळकांनीं, कुणब्यांस कायदेमंडळांत जाऊन काय नांगर चालवावयाचा आहे, अशा आशयाचा प्रश्न केला, तो ब्राह्मणेतरांच्या जिव्हारीं लागला. जातवार प्रतिनिधित्वावांचून मिळणारें स्वराज्य हें मूठभरांचें राज्य होईल, ही महाराजांची भीति होती. १९१९ च्या कायद्यान्वयें मुंबई कायदेमंडळांत मराठा व तत्सम जातींसाठीं सात जागा राखून ठेवण्यांत आल्या, आणि कोल्हापूरच्या नगरपालिकेंतही महाराजांनीं जातवार प्रतिनिधित्वाचें तत्त्व आणलें. मार्च १९२० मध्यें माणगांव येथें झालेल्या अस्पृश्य परिषदेंत त्यांनीं तरुण डॉ. आंबेडकरांस जाहीरपणें पुढारी म्हणून गौरविलें, हें सर्वश्रुत आहे.

ह्या धोरणाचा परिणाम दुहेरी झाला, आणि तो निःपक्षपातानें सांगितला पाहिजे. ज्या समाजांस नगरपालिकेच्या दिवाणखान्याचें दारही ठाऊक नव्हतें त्यांचीं माणसें तेथें बसूं लागलीं. संस्थानच्या नोकरींत वाढलेले भास्करराव जाधव मुंबई सरकारांत मंत्री झाले. कोल्हापूरचे दिवाण राहिलेले अण्णासाहेब लठ्ठे १९३७ सालच्या खेर मंत्रिमंडळांत अर्थमंत्री झाले. हें घडलें नसतें तर येथें मताधिकार हा शब्दच पोकळ राहिला असता. परंतु त्याचबरोबर ‘उमेदवार काय करणार?’ ह्या प्रश्नाच्या अगोदर ‘उमेदवार आमचा कोण?’ हा प्रश्न विचारण्याची संवय शहरास लागली. ज्यांस कोणीच आपलें म्हणत नव्हतें त्यांनीं प्रथम आपला मनुष्य शोधावा, यांत नवल नाहीं. गोष्ट एवढीच कीं, औषध म्हणून घेतलेला तो प्रश्न पुढें नित्याच्या आहारांत गेला.

दरबारानें पुष्कळ दिलें. परंतु दिलेली वस्तु आणि हक्काची वस्तु यांत अंतर असतेंच. हें अंतर बोलून दाखविण्याचें काम सत्यशोधकी संस्कारांत वाढलेल्या भाई माधवराव बागल यांनीं केलें. फेब्रुवारी १९३९ मध्यें जयसिंगपूर येथें प्रजापरिषदेची स्थापना झाली आणि जबाबदार राज्यपद्धतीची मागणी उघडपणें पुढें आली. बागलांच्या बरोबरीनें रत्नाप्पा कुंभार ह्यांनीं ही चळवळ खेड्यापाड्यांत नेली. आमच्या विषयाच्या दृष्टीनें येथें एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी आहे. कोल्हापूरच्या रयतेचें पहिलें राजकीय शिक्षण नगरपालिकेच्या सभागृहांत झालें नाहीं. तें सभांत, मोर्चांत आणि तुरुंगांत झालें. ती शाळा गल्लीची नव्हती. तेथें एकदम राज्यपद्धतीचाच धडा होता. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें, आणि थोड्याच दिवसांत राज्यघटनेनें प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषास एकेक मत दिलें.

त्या मताचा उपयोग लोकांनीं कसा केला? १९५२ च्या पहिल्याच लोकसभेंत काँग्रेसची लाट असतां कोल्हापूर-सातारा ह्या जोडमतदारसंघांतून बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर अपक्ष म्हणून निवडून आले. १९५७ सालीं संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न पेटला होता. त्या वेळीं ह्या मतदारसंघानें शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागांवकर आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे शंकरराव दिगे या दोघांस एकदम दिल्लीस धाडलें. गांवचा पाटील आणि महारवाडा यांचें मत एका बाजूस पडावें, ही त्या काळीं सामान्य गोष्ट नव्हती. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजीं झालें, प्रश्न मिटला, आणि १९६२ सालीं हाच मतदार काँग्रेसकडे वळला. १९७७ च्या निवडणुकींत आणीबाणीनंतरचा निर्णय येथें इतका तोलून दिला गेला कीं, शेतकरी कामगार पक्षाचे दाजिबा देसाई अवघ्या १६५ मतांनीं विजयी झाले. त्या वर्षीं साऱ्या देशांत एवढ्या थोड्या अंतराचा निकाल दुसरा नव्हता. २००९ सालीं सदाशिवराव मंडलिक पक्षाबाहेर पडून अपक्ष उभे राहिले आणि त्यांनीं छत्रपति घराण्यांतील संभाजीराजे यांचा पराभव केला. २०२४ सालीं त्याच घराण्यांतील शाहू छत्रपति यांस लोकांनीं काँग्रेसच्या वतीनें निवडून दिलें. पंधरा वर्षांच्या अंतरानें मुलाला नाकारून पित्याला स्वीकारणारा मतदार केवळ गादीला मुजरा करतो, असें म्हणतां येत नाहीं.

ह्याला अपवाद आहे, तो लपविण्याचें कारण नाहीं. १९८० पासून १९९६ पर्यंत पांच निवडणुकांत लागोपाठ उदयसिंगराव गायकवाड निवडून आले. तेवढा काळ पक्षाची आणि घराची संवय विचारावर भारी ठरली असें कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाहीं. तथापि एकंदर पट पाहतां, ज्या पक्षानें कोल्हापूर आपल्या खिशांत आहे असें मानलें त्याचा खिसा येथील मतदारानें केव्हां ना केव्हां उलटा केला आहे. लोकसभेच्या पेटींत पडलें तें पुष्कळ अंशीं पहिल्या अर्थाचें मत होतें.

आतां शहरांत येऊं. १९७२ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली, परंतु प्रभागाचें राजकारण पेठेच्या आणि तालमीच्या मापानेंच चालत राहिलें. बाहेरच्या वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे कीं, कोल्हापुरांत तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा आखाडा नव्हे. मंगळवार पेठेंतील पाटाकडील, शिवाजी पेठेंतील खंडोबा, रविवार पेठेंतील दिलबहार हीं नांवें शाहू स्टेडियमवरील फुटबॉलच्या सामन्यांत जशीं गाजतात तशींच गणेशोत्सवांत, लग्नकार्यांत, दवाखान्याच्या धांवपळींत आणि भांडणतंट्यांतही पुढें येतात. रात्रीं-अपरात्रीं ज्याला हांक मारतां येते असा मनुष्य तालमींत असतो, आणि निवडणुकीच्या वेळीं तोच हांक मारतो. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती आणि २०१५ च्या निवडणुकींत प्रभाग ८१ होते. म्हणजे एका प्रभागांत सरासरीनें पावणेसात हजार माणसें, आणि मुलें वगळतां मतदार त्याहून कमी. तेथें दोनचारशें मतांचा गठ्ठा निकाल फिरवितो, आणि एवढा गठ्ठा एका तालमीच्या ओट्यावर बसून मोजतां येतो.

त्या २०१५ च्या निवडणुकींत काँग्रेसला २७, ताराराणी आघाडीला १९, राष्ट्रवादी काँग्रेसला १५, भारतीय जनता पक्षाला १३, शिवसेनेला ४ आणि इतरांस ३ जागा मिळाल्या. संख्येनें दुसऱ्या क्रमांकाचा गट हा देशांतील वा राज्यांतील कोणताही पक्ष नसून शहरापुरती बांधलेली आघाडी होती, ही गोष्ट बोलकी आहे. आघाडीस तत्त्वांचा जाहीरनामा नसला तरी चालतें. तिला माणसें लागतात. महापौरपद एकाच मुदतींत अनेकांत थोडेंथोडें वांटून देण्याचा प्रघातही ह्याच वृत्तींतून आला. पद हें काम करण्याचें साधन आहे असें मानलें तर कांहीं महिन्यांचा महापौर ही थट्टा ठरते. पद हा मान आहे असें मानलें तर तो पंगतींत सर्वांस वाढला पाहिजे, हें ओघानें येतें.

मतदारांचा समुदाय याहूनही आंखूड केला म्हणजे काय होतें तें सहकारी संस्थांत दिसतें. १९६३ सालीं स्थापन झालेला जिल्हा दूध संघ ‘गोकुळ’ ह्या नांवानें सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या संचालकांच्या निवडणुकींत गवळ्यानें वा शेतकऱ्यानें थेट मत द्यावयाचें नसतें; गांवची दूध संस्था ठराव करून एका मनुष्यास मताचा अधिकार देते, आणि तो ‘ठरावधारक’ मत देतो. लक्षावधि घरांच्या दुधाचा कारभार कांहीं हजार ठरावांवर ठरतो. म्हणून निवडणूक जवळ आली कीं मतांचा विचार मागें पडतो आणि ठराव कोणाच्या गोठ्यांत बांधले आहेत याचीच मोजदाद सुरू होते. आमदारकीपेक्षां ‘गोकुळ’ची निवडणूक चुरशीची, असें जिल्ह्यांत म्हणतात तें उगीच नव्हे. २०२१ सालीं तेथें दीर्घकाळची सत्ता उलथून विरोधी गटास २१ पैकीं १७ जागा मिळाल्या. तेव्हां ह्या पद्धतींत बदल होतच नाहीं असें नाहीं. परंतु तो बदल गटांच्या जुळणीनें होतो, आणि दूध घालणारी बाई तो दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत वाचते.

यावरून एक नियम निघतो असें आम्हांस वाटतें. मतदार जितके थोडे, तितकें मत मालमत्तेसारखें होतें. जितके पुष्कळ, तितकें तें विचारासारखें होतें. थोड्या मतांची नांवनिशीवार यादी करतां येते, म्हणून त्यांस किंमत लावतां येते, गळ घालतां येते आणि धाकही घालतां येतो. लाखांच्या समुदायांत प्रत्येकाच्या घरीं जाणें अशक्य. तेथें उमेदवारास कांहीं तरी बोलावें लागतें आणि मतदारास कांहीं तरी ठरवावें लागतें. रिपनसाहेबांच्या शाळेचा पहिला वर्ग म्हणूनच अवघड गेला. त्या वर्गांत मास्तर आणि विद्यार्थी एकमेकांचे सोयरे होते.

परंतु एवढ्यावरून प्रभागांतील मतदारास अडाणी ठरविणें हा मोठा अन्याय होईल, आणि सुशिक्षित वर्गाकडून तो रोज होत असतो. नळास पाणी येत नाहीं, गटार तुंबलें आहे, दाखला अडला आहे, अशा वेळीं ज्याच्या दाराशीं जाऊन चार कडक शब्द बोलतां येतात असा एकच लोकप्रतिनिधि सामान्य मनुष्यास लाभतो, आणि तो म्हणजे नगरसेवक. त्याला मत देतांना मतदार एक प्रकारचा व्यवहार करतो हें खरें. पण व्यवहारांत दोन्ही पक्ष बांधले जातात. लोकसभेच्या सभासदास जाब विचारण्यास पांच वर्षें थांबावें लागतें; नगरसेवकास सकाळीं चहाच्या गाड्यावर विचारतां येतें. शिवाय तालीम ही नेहमींच ओळखीच्या मताची पेढी असते असेंही नाहीं. शहराच्या रस्त्यांवर टोल बसला तेव्हां ह्याच पेठा आणि ह्याच तालमी पक्षभेद विसरून रस्त्यावर आल्या, वर्षानुवर्षें लढल्या, आणि २०१५ सालीं टोलवसुली बंद पडली. उपकारानें बांधलेली संघटना प्रश्न पुरेसा मोठा झाला म्हणजे विचारानें उभी राहते, याचा तो पुरावा होय. अडचण ही कीं, पाण्याची गळती, कचऱ्याचा डेपो, पंचगंगेचें प्रदूषण हे प्रश्न टोलाइतके एका नाक्यावर दिसत नाहींत.

हद्दवाढीच्या वादांत हीच गोष्ट निराळ्या रूपानें दिसते. शहराचें क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर. महानगरपालिका होतांना जी हद्द होती ती पुढें अर्धशतक तशीच राहिली. दरम्यान पाचगांव, कळंबा, उचगांव, मोरेवाडी ह्या भोंवतालच्या गांवांत इमारती उठल्या, आणि शहर कोठें संपतें हें रस्त्यानें जाणाऱ्यास कळेनासें झालें. तेथील रहिवासी दिवसां कोल्हापूरकर असतो आणि मत मात्र ग्रामपंचायतीस देतो. शहरवासी म्हणतो, हे आमचे रस्ते वापरतात. गांवकरी म्हणतो, तुमचा घरफाळा आम्हांस नको आणि आमच्या शेतांवर तुमचीं आरक्षणेंही नकोत. २०१७ सालीं ४२ गांवांसाठीं प्राधिकरण नेमून सरकारनें मधला मार्ग काढला; परंतु प्राधिकरणास मतदार नसतो, त्यामुळें त्याला जाब विचारणाराही नसतो. ज्या पुढाऱ्याचे मतदार वेशीच्या दोन्ही बाजूंस आहेत तो ह्या विषयावर दोन्ही बाजूंस गोड बोलतो. गांवकऱ्यांच्या विरोधांत आम्हांस केवळ कराची भीति दिसत नाहीं. सरपंच हांकेच्या अंतरावर आहे, आयुक्त नाहीं, हें त्यांस पक्कें ठाऊक आहे. आणि जवळचा प्रतिनिधि गमावण्याची त्यांची नाखुशी समजण्यासारखी आहे.

ती नाखुशी किती खरी होती हें शहरानें पुढें स्वतःच अनुभवलें. नोव्हेंबर २०२० मध्यें महानगरपालिकेची मुदत संपली. आधीं साथीचा रोग, मग इतर मागास वर्गांच्या राखीव जागांचा खटला, मग प्रभागरचनेचे फेरफार अशीं कारणें होत गेलीं, आणि पांच वर्षें निवडणूक झाली नाहीं. अखेर मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घेण्याचा हुकूम द्यावा लागला. ह्या काळांत कारभार प्रशासकाकडे होता. प्रशासक कर्तबगार असूं शकतो, आणि गटबाजीस कंटाळलेल्या सभ्य गृहस्थांस त्याचा कारभार सुखाचाही वाटला. पण त्याच्या दाराशीं गल्लींतल्या बाईनें जावयाचें कसें? तिचें मत उपकाराचें असेल, ओळखीचें असेल; तें गेलें तेव्हां तिच्या हातीं अर्ज तेवढा राहिला. १८५४ सालीं शहरास जशी वरून आलेली नगरपालिका मिळाली होती, तशीच ह्या पांच वर्षांत पुन्हा मिळाली, आणि आश्चर्य हें कीं, फारशी हळहळ कोणीं केली नाहीं. टोलासाठीं जें शहर रस्त्यावर आलें, तें आपल्या मतपेटीसाठीं आलें नाहीं.

आमच्या मतें कोल्हापूरच्या स्थानिक राजकारणांतील खरी उणीव येथें आहे. तालमीचा शब्द, आघाडीचा व्यवहार, वांटून घेतलेलें महापौरपद यांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. तें सर्व दुरुस्त होण्यासारखें आहे, कारण त्यांत निदान एकमेकांस विचारणें तरी शिल्लक असतें. मताची पेटी वेळेवर न येणें आणि त्याबद्दल मतदारास कांहींच न वाटणें, हें अधिक गंभीर होय. जातवार प्रतिनिधित्वासाठीं एका राजानें झगडावें, जबाबदार राज्यपद्धतीसाठीं रयतेनें तुरुंगांत जावें, आणि त्यांच्या नातवंडांनीं घराशेजारची निवडणूक पांच वर्षें लांबली तरी ती कोणाची तरी दुसऱ्याची गोष्ट समजावी, हें त्या इतिहासास शोभत नाहीं. प्रभागांतलें मत आज ओळखीचें आहे तर तें उद्यां विचाराचें होईल. त्यासाठीं पेटी ठरल्या दिवशीं समोर आली पाहिजे, आणि ती आली नाहीं तर हांक मारण्यासाठीं तालमी आहेतच.